पाठीवर कॅम्पर, सोमवारी ऑफिस: दोन्हीसाठी एकच पिकअप कसा निवडायचा

अमेरिकेत पिकअपची कुठलीही जाहिरात बघा, एकच आकडा ठळक असतो: ही गाडी किती वजन ओढते. पंधरा हजार पौंड, वीस हजार पौंड. मागे भलीमोठी बोट नाहीतर घोड्यांचा ट्रेलर, आणि गाडी आरामात घाट चढतेय. ट्रक कॅम्पर, म्हणजे पिकअपच्या पाठीवर बसणारं सहलीचं छोटं घर, घ्यायचा विचार असेल तर हा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. कॅम्पर ओढायचा नसतो, वाहायचा असतो. त्याला स्वतःची चाकं नसतात. तो पिकअपच्या हौद्यात सरकवून बसवतात, झोपायचा भाग पुढे केबिनच्या टपावर येतो, आणि सगळा भार पडतो तो ट्रकचे पाटे (लोखंडी पट्ट्यांचे स्प्रिंग), ॲक्सल आणि टायर यांच्यावर. वीस हजार पौंड सहज ओढणारी गाडी पाठीवर अडीच हजार पौंड घेतानाच मर्यादेला टेकलेली असू शकते. ओढण्याची ताकद आणि वाहण्याची ताकद हे दोन वेगळे हिशोब आहेत. दुकानात पहिल्याबद्दल भरभरून बोलतात, दुसऱ्याबद्दल आपल्याला विचारावं लागतं.

त्यात अट अशी की हीच गाडी सोमवारी ऑफिसला न्यायची, मुलांना शाळेत सोडायची, दुकानाच्या पार्किंगमध्ये लावायची. ही दोन कामं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. कॅम्परला गाडी लांब, रुंद आणि कडक पाट्यांची हवी. रोजच्या वापराला आखूड, अरुंद आणि मऊ हवी. दोन्ही बाजूंनी शंभर टक्के समाधान देणारी गाडी कुणी बनवत नाही. मग सुरुवात कुठून करायची? माझं म्हणणं असं: आधी कॅम्पर ठरवा, त्याचं भरलेलं वजन काढा, आणि मग ते वजन पेलणारी सगळ्यात छोटी गाडी शोधा. बहुतेक जण उलट करतात. आवडलेला ट्रक आधी दारात आणतात आणि मग त्यात बसेल असा कॅम्पर शोधत फिरतात. तसा मिळालेला कॅम्पर बहुधा नाकापेक्षा मोती जड निघतो.

दारावरचा स्टिकर

ड्रायव्हरचं दार उघडा. दार मिटल्यावर जिथे टेकतं त्या खांबावर, किंवा दाराच्या कडेलाच, दोन स्टिकर असतात. एकावर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेला असतो, म्हणजे गाडी, टाकीतलं इंधन, माणसं आणि सामान सगळं धरून एकूण वजन जास्तीत जास्त किती चालेल तो आकडा. त्याच्याजवळच पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची वेगवेगळी मर्यादा असते. दुसरा स्टिकर टायरच्या हवेचा, पिवळ्या पट्टीचा. त्यावर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान यांचं एकत्र वजन अमुक पौंडांपेक्षा जास्त होता कामा नये. हा तुमचा पेलोड. ‘माणसं’ म्हणजे ड्रायव्हरसुद्धा, हे लक्षात ठेवा. भरलेल्या टाकीचं इंधन मात्र गाडीच्याच वजनात आधीच धरलेलं असतं. जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांच्या वर असलेल्या गाड्यांवर हे वाक्य दिसेलच असं नाही. तिथे रिकामी गाडी काट्यावर नेऊन वजाबाकी करणं हाच खात्रीचा मार्ग.

हा आकडा त्या मॉडेलचा नसतो, समोर उभ्या असलेल्या त्या एका गाडीचा असतो. माहितीपत्रकातला ‘इतक्या पौंडांपर्यंत’ हा आकडा बहुतेक वेळा दोन दारी, टू व्हील ड्राइव्ह, पेट्रोल इंजिनाच्या साध्या गाडीचा असतो, आणि तशी गाडी घरच्या वापरासाठी क्वचितच कुणी घेतं. चार दारं आली की वजन वाढतं. फोर व्हील ड्राइव्ह आला की आणखी तीन-चारशे पौंड. सनरूफ, विजेवर सरकणाऱ्या सीट, विजेवर खाली येणाऱ्या पायऱ्या, प्रत्येक जण आपापला वाटा उचलतो. एकूण मर्यादा तीच राहते, म्हणून गाडी जितकी ऐषआरामी तितका पेलोड कमी. एकाच दुकानात शेजारी उभ्या असलेल्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांत पाचशे पौंडांचा फरक सहज सापडतो.

आता हिशोब करून बघू. आकडे उदाहरणासाठी घेतलेत, पण अवास्तव नाहीत. गाडी पाऊण टनी (पिकअपच्या अर्धा, पाऊण, एक टन या तीन पायऱ्यांतली मधली), चार दारी, डिझेल, फोर व्हील ड्राइव्ह. जीव्हीडब्ल्यूआर १०,०००, गाडीचं वजन ७,७००, म्हणजे स्टिकरवर २,३०० पौंड. कॅम्परच्या माहितीपत्रकात कोरडं वजन २,००० पौंड. विक्रेता म्हणतो, तीनशे पौंड शिल्लक आहेत, मजा करा.

कोरडं वजन म्हणजे पाणी नाही, गॅस नाही, सामान नाही, आणि बऱ्याचदा वरून घेतलेल्या सोयीही नाहीत. एसी, बाजूचं छत, दुसरी बॅटरी, सोलर पॅनेल मिळून २५० पौंड धरा. पाण्याचा एक गॅलन ८.३४ पौंड भरतो, म्हणजे ३० गॅलनच्या टाकीचे २५० पौंड. पाणी गरम करायच्या टाकीतले सहा गॅलन वेगळे, त्यांचे ५०. गॅसचे दोन छोटे सिलिंडर भरलेले असतील तर ७५. कॅम्पर ट्रकला बांधून ठेवायच्या लोखंडी सामानाचे १००. अंथरूण-पांघरूण, भांडी, किराणा, कपडे, खुर्च्या, हत्यारांची पेटी यांचे ४०० म्हणजे मी हात आखडता घेऊनच लिहिले. कॅम्परची बेरीज झाली ३,१२५. त्यात दोन मोठी माणसं आणि एक लहान मूल, ३८० पौंड. एकूण ३,५०५. मर्यादा २,३००. बाराशे पौंड जास्त! मागचा फाळका काढून घरी ठेवला तर त्यातले सत्तर-ऐंशी परत मिळतात, तरी आकडा अकराशेच्या वरच राहतो.

माहितीपत्रकापेक्षा कॅम्परला चिकटवलेला स्टिकर जास्त भरवशाचा. अमेरिकी नियमानुसार त्यावर पाणी, गॅस आणि नेहमीची उपकरणं धरून वजन द्यावं लागतं. वरून बसवून घेतलेल्या सोयी मात्र त्यात नसतात, त्या तुम्हालाच मिळवाव्या लागतात.

डिझेलचा उलटा हिशोब

वजन जास्त, म्हणून इंजिन दणकट हवं, म्हणून डिझेल, असं मनात आपोआप जुळत जातं. पण डिझेल इंजिन, त्याचा टर्बो, मोठे रेडिएटर, धूर साफ करणारी यंत्रणा हे सगळं मिळून पेट्रोलच्या जोडीदारापेक्षा सहा-सातशे पौंड जास्त भरतं. पाऊण टनी गाड्यांचा जीव्हीडब्ल्यूआर बऱ्याचदा १०,००० पौंडांवर अडवून ठेवलेला असतो, कारण त्यापुढे गाडी वरच्या सरकारी वर्गात जाते आणि काही ठिकाणी नियम आणि शुल्क बदलतात. वरची मर्यादा हलत नाही आणि गाडी जड झाली, मग कात्री कशाला लागणार? तुमच्या सामानालाच. म्हणून सगळ्या सोयींची डिझेल पाऊण टनी कधीकधी दोन हजार पौंडांच्या आसपास अडकते, आणि साधी, पेट्रोलची अर्ध्या टनी तिच्या बरोबरीला येऊन उभी राहते. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. स्टिकर वाचल्यावर बसतो.

डिझेल वाईट असं मुळीच नाही. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथली हवा इतकी विरळ की टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन जवळजवळ एक तृतीयांश ताकद गमावून बसतं. टर्बो असलेलं डिझेल तिथे निवांत चढतं. उतरताना तर फरक आणखी जाणवतो. डिझेलमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो, इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं आणि चाकांचे ब्रेक तापत नाहीत. पाठीवर चार हजार पौंड घेऊन सहा-सात टक्के उतारावर खाली येताना याची किंमत कळते.

पण रोजच्या वापरात डिझेलचं दुखणं वेगळंच. २००७ पासून अमेरिकेतल्या नव्या डिझेल पिकअपना काजळी धरणारी गाळणी असते, आणि २०१० च्या कडक नियमांनंतर डीईएफ नावाचं, धूर साफ करायला लागणारं द्रवही भरत राहावं लागतं. गाळणीत साठलेली काजळी जाळायला इंजिन चांगलं तापून काही वेळ सलग चालावं लागतं. घरापासून ऑफिस तीन मैल, येताना दूध घेऊन घरी, अशा फेऱ्यांत इंजिन तापतच नाही. काजळी साचत जाते, आणि काही वर्षांनी बिल येतं ते पेट्रोलवाल्याला कधीच भरावं लागत नाही असं. त्यातून नव्या गाडीत डिझेल इंजिनासाठी वरचे दहा हजार डॉलरच्या घरात मोजावे लागतात. जवळच्या फेऱ्या जास्त आणि कॅम्पर वर्षातून काही आठवडेच, तर मी डोळे मिटून पेट्रोल म्हणेन. फोर्डचं ७.३ लिटर, रॅमचं ६.४ आणि जनरल मोटर्सचं ६.६ लिटर ही तिन्ही पेट्रोल व्ही-एट इंजिनं या कामाला पुरतात. घाटात आवाज मोठा करतात, पेट्रोल बदाबदा पितात, पण काम करतात. डिझेल घ्यायचंच असेल तर एक टनी गाडीत घ्या, तिथे त्याचं वजन सामावून घ्यायला मर्यादेत जागा असते.

अर्धा, पाऊण, एक

नावांवर फार जाऊ नका. अर्ध्या टनी म्हणजे एफ-१५०, किंवा रॅम आणि सिल्व्हराडोमधली १५००. पाऊण टनी म्हणजे एफ-२५० आणि २५०० वाल्या, एक टनी म्हणजे एफ-३५० आणि ३५००. जुन्या काळी गाडी खरोखर तेवढे टन वाहायची, आता नावं फक्त पायऱ्या दाखवतात. आजची साधारण अर्ध्या टनी तेराशे ते दोन हजार पौंड वाहते, चांगली सजवलेली असेल तर त्याहूनही कमी. टॅकोमासारख्या मध्यम गाड्या हजाराच्या पुढेमागे असतात.

म्हणजे कुठल्या कॅम्परला काय? छत वर उचलून उघडणारे हलके पॉप-अप कॅम्पर कोरडे हजार ते दीड-दोन हजार पौंडांपर्यंत असतात. पक्क्या भिंतींचे, भिंत बाहेर न सरकणारे, दोन ते तीन हजार. भिंत बाहेर सरकून खोली मोठी होणारे, आत न्हाणीघर, सोफा, मोठा फ्रिज असे भरल्यावर चार ते पाच हजार, काही त्याहून जड. पहिल्या प्रकारातले सगळ्यात हलके नग अर्ध्या टनीवर जमतात, तेही दारावरचा स्टिकर चांगला असेल तर. मधल्या प्रकारासाठी मागे दोन चाकांची एक टनी. शेवटच्यासाठी मागे चार चाकांची एक टनी, आणि तिथे तडजोड नको.

मधल्या पायरीवर, पाऊण टनीवर, लोक का अडतात हे मला नीटसं उमगत नाही. मागे दोनच चाकं असलेली एफ-३५० आणि एफ-२५० शेजारी उभ्या करा. केबिन तीच, हौदा तोच, इंजिन तेच, लांबीसुद्धा तीच. फरक मुख्यतः मागच्या पाट्यांचा आणि दारावरच्या आकड्याचा. सारख्या सजावटीत किमतीचा फरक बहुधा हजार डॉलरच्या आसपास. पार्किंगमध्ये दोन्ही तेवढीच जागा अडवतात आणि पेट्रोल तेवढंच पितात. मग पेलोड हजारभर पौंडांनी जास्त देणारी का घेऊ नये? तुमच्या राज्यात वजनावर नोंदणी शुल्क घेत असतील, किंवा सोसायटीच्या नियमात एक टनी गाडी बसत नसेल, तर गोष्ट वेगळी.

मागे चार चाकांची, म्हणजे ड्युअली, हा निर्णय मात्र खरोखर जड आहे. टायरकडेच बघा. एक टनीवर नेहमी दिसणारा २७५/७०आर१८ मापाचा टायर, लोड रेंज ई (भार पेलण्याचा वर्ग), पूर्ण हवेत ३,६४० पौंड पेलतो, दोन टायरचे ७,२८० झाले. रिकाम्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर आधीच तीन हजारांच्या आसपास वजन असतं, म्हणजे उरले चार हजारांच्या थोडे वर, आणि कॅम्परचं जवळजवळ सगळं वजन मागेच येतं. ड्युअलीवर २४५/७५आर१७ असेल तर जोडीत प्रत्येक टायर २,९१० पौंड, चार मिळून ११,६४०. ॲक्सलची मर्यादा त्याआधी आडवी येते, पण टायर फुटण्याची धास्ती राहत नाही. शिवाय मागची चाकं बाहेर पसरल्यामुळे वाऱ्यात आणि वळणावर डोलणं खूप कमी होतं.

बदल्यात काय मिळतं? आठ फुटांच्या घरातली रुंदी. कितीतरी स्वयंचलित कार वॉशमध्ये गाडी घेत नाहीत. बँकेच्या आणि बर्गरच्या खिडकीपाशी मागचं चाक फूटपाथला घासतं. आतल्या टायरची हवा तपासायला गुडघे टेकून हात आत घालावा लागतो. बर्फावर रिकामी ड्युअली चांगलीच घसरते. रोज तीच गाडी चालवायची आणि गाव दाटीवाटीचं असेल, तर ड्युअलीची गरजच पडणार नाही असा हलका कॅम्पर निवडणं शहाणपणाचं.

हौद्याची लांबी आणि गुरुत्वमध्य

वजन किती यासोबत ते कुठे पडतं हेही बघावं लागतं. प्रत्येक कॅम्परच्या बाजूला गुरुत्वमध्याची खूण असते. कॅम्पर हौद्यात बसवल्यावर ती खूण मागच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे यायला हवी. मागे गेली तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ वाटायला लागतं, आणि पावसात ब्रेक दाबताना त्याचा पुरेपूर प्रत्यय येतो.

यासाठीही अमेरिकी नियम आहे. कॅम्पर बसू शकेल अशा पिकअपच्या उत्पादकाला कागदावर दोन गोष्टी द्याव्या लागतात: सामानाच्या वजनाची मर्यादा आणि गुरुत्वमध्य कुठून कुठपर्यंत चालेल त्याची हद्द. ही मर्यादा काढताना प्रत्येक सीटवर १५० पौंडांचा माणूस बसलाय असं धरतात, म्हणजे पाच सीटांचे ७५० पौंड आधीच वजा. हा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि सहसा कुणी उघडून बघत नाही. तो मागून घ्या. काही गाड्यांच्या पुस्तिकेत कॅम्पर बसवूच नका असं सरळ लिहिलेलं असतं, मग प्रश्नच मिटला.

हौदे साधारण तीन लांबीचे: साडेपाच, साडेसहा आणि आठ फूट. साडेपाच फुटी हौदा कॅम्परच्या दृष्टीने जवळजवळ बाद, मोजके हलके कॅम्पर सोडले तर. आठ फुटी सगळ्यात चांगला. कॅम्पर पूर्ण आत बसतो, मागे लोंबत नाही आणि गुरुत्वमध्य आपोआप जागेवर येतो. साडेसहा फुटींसाठी खास बनवलेले कॅम्पर मिळतात आणि रोजच्या वापराचा विचार करता माझा कल तिकडे आहे. चार दारी फोर्ड सुपर ड्युटी साडेसहा फुटी हौद्यासह २५० इंच लांब, म्हणजे जवळजवळ एकवीस फूट. आठ फुटीसह २६६ इंच, बावीस फुटांच्या वर. दुकानापुढची पार्किंगची खूण साधारण अठरा-वीस फुटांची असते. पहिली गाडी तिथे जरा नाक बाहेर काढून उभी राहते, दुसरी वाहतुकीच्या वाटेतच येते. घरचं गॅरेजही मोजून बघा. सात फूट उंचीच्या दारातून उंच फोर व्हील ड्राइव्ह ट्रक दोन-तीन इंचांनी सुटतो किंवा अडकतो, आणि लांबीत तर बरीच गॅरेजं हार मानतात.

रोज बसल्यावर

एक टनी गाडी रिकामी चालवणं म्हणजे हाडं खिळखिळी. पाटे चार हजार पौंडांसाठी बनवलेले, पाठीवर काहीच नसेल तर प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्यात जातो. इथे कंपन्यांमध्ये थोडा फरक आहे. जनरल मोटर्सच्या जड पिकअपमध्ये पुढची चाकं स्वतंत्र झुलतात, त्यामुळे पुढचा भाग नरम वाटतो. फोर्ड आणि रॅमच्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढे अखंड ॲक्सल असतो. रॅम २५०० ला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. रिकामी असताना ती सगळ्यात सुखाची, पण उंच कॅम्पर लादला की जास्त डोलते. म्हणजे रोजच्या फेरीला आवडलेली गोष्टच सुट्टीत खटकते. टेस्ट ड्राइव्ह घेताना खराब रस्त्याचा आग्रह धरा. गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणी असतात.

पेट्रोलच्या खर्चाबद्दल एक गंमत. ८,५०० पौंडांपेक्षा जास्त जीव्हीडब्ल्यूआरच्या पिकअपवर एका गॅलनला किती मैल हा सरकारी स्टिकर लावावाच लागत नाही. म्हणून दुकानातल्या पाऊण आणि एक टनी गाडीच्या काचेवर हा आकडा शोधून सापडणार नाही. पेट्रोलची गाडी कॅम्परसह गॅलनला दहा मैलांच्या आसपास धरून चाला. डिझेल दोन-तीन मैल जास्त देईल. रिकामी असताना दोन्ही बऱ्या, पण छोट्या कारशी तुलना करायची नाही.

इथे एक पर्याय बोलून ठेवतो, गाडीवेड्या मंडळींना तो आवडत नाही. रोजची धाव मोठी असेल तर जुनी, दणकट, पेट्रोलची एक टनी फक्त कॅम्परसाठी आणि रोजसाठी छोटी कार, हे गणित एका महागड्या नव्या ट्रकपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं. दोन विमे आणि दोन गाड्यांची जागा लागते, हे खरं. पण मग ट्रक निवडताना मऊपणाची, लांबीची चिंता उरत नाही आणि हवा तो कॅम्पर घेता येतो.

फुगे, पट्ट्या आणि गैरसमज

गाडी आधीच घेतलेली, कॅम्पर थोडा जड निघाला, मग कुणीतरी सुचवतं की मागच्या पाट्यांना आधार द्यायला हवेचे फुगे, म्हणजे एअर बॅग, टाक. एअर बॅग, जादा पाटे, जाड अँटी-स्वे बार यांचा उपयोग आहे. मागचा भाग खाली बसत नाही, हेडलाइट आभाळाकडे बघत नाहीत, वळणावर झुकणं कमी होतं. मर्यादेत असलेल्या गाडीवर हे सगळं जरूर लावा. पण त्यातल्या कशानेही जीव्हीडब्ल्यूआर वाढत नाही. ब्रेक तेच, ॲक्सल तोच, बेअरिंग तेच. गाडी सरळ उभी दिसायला लागते एवढंच, आणि तेच फसवं असतं, कारण खाली बसलेली गाडी निदान ओरडून सांगत तरी असते. नवा ट्रक घेणार असाल तर कारखान्यातूनच कॅम्पर पॅकेज घ्या. फोर्डच्या सुपर ड्युटीत ते मिळतं आणि पाट्यांमधला फरक तिथेच भरून निघतो.

बसवणं आणि उतरवणं

रोजच्या गाडीवरून कॅम्पर प्रत्येक सहलीनंतर उतरवावा लागणार, म्हणून ट्रक निवडतानाच हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. कॅम्पर चार कोपऱ्यांतल्या चार पायांवर उभा आहे. फाळका काढायचा. आजच्या फाळक्यात कॅमेरा, विजेचं कुलूप, कधी पायरी असते, त्यामुळे आधी तारांची जोडणी सोडायची आणि मग दोघांनी उचलायचा. ट्रक उलटा, मुंगीच्या गतीने, पायांच्या मधून आत घ्यायचा. दोन्ही बाजूंना काही इंचांचीच जागा. एक जण मागे उभा राहून हात दाखवतो, आणि नवरा-बायकोचं भांडण व्हायचं असेल तर ते इथेच होतं. मग पाय थोडे वर घेऊन कॅम्पर हौद्यातल्या रबरी चटईवर टेकवायचा, दिव्यांचा प्लग जोडायचा, चारही कोपरे ताणून बांधायचे.

बांधायची कडी ट्रकच्या चासीला जोडलेली हवी, हौद्याच्या पत्र्याला नाही. फोर्डच्या एफ-१५० चा हौदा २०१५ पासून आणि सुपर ड्युटीचा २०१७ पासून ॲल्युमिनियमचा आहे, पण पोलादी पत्र्यालाही मी हेच म्हणेन. ही कडी तुमच्या मॉडेलसाठी, तुमच्या वर्षासाठी मिळते का, हे गाडी घेण्याआधी बघून ठेवा. आणि उतरवलेला कॅम्पर ठेवणार कुठे? अनेक वसाहतींच्या नियमांत घरासमोर तो उभा करायला मनाई असते. भाड्याच्या जागेत ठेवायचा तर दर सहलीआधी तिथे जाऊन ही सगळी कसरत करायची. हलका पॉप-अप असेल तर बरेच जण तो वर्षभर ट्रकवरच ठेवून ऑफिसला जातात, कारण केबिनवर तो जेमतेम टोपीएवढा उंच दिसतो. रोजची गाडी एकच ठेवायची असेल तर मला हाच रस्ता सगळ्यात सरळ वाटतो: मागे दोन चाकांची, पेट्रोलची एक टनी, साडेसहा फुटी हौदा आणि वर पॉप-अप.

पहिल्या सहलीआधी

सगळं भरा, पाणी, गॅस, किराणा, माणसं, कुत्रा, आणि महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलच्या वजनकाट्यावर गाडी चढवा. पुढचा ॲक्सल एका पट्टीवर, मागचा दुसऱ्यावर. चिठ्ठीवर दोन्ही आकडे वेगळे येतात, ते दारावरच्या मर्यादांशी ताडून बघा. एकूण वजन मर्यादेत आहे पण मागचा ॲक्सल ओलांडतोय, असं अनेकदा होतं. मग जड सामान पुढे सरकवायचं, नाहीतर पाणी मुक्कामाजवळ पोहोचल्यावर भरायचं. टायरची हवाही याच चिठ्ठीवरून ठरते. वजन असताना मागच्या टायरना कंपनीने सांगितलेली पूर्ण हवा लागते, लोड रेंज ईच्या टायरला ती ८० पीएसआयपर्यंत असते. कॅम्पर उतरवल्यावर गाडीच्या पुस्तिकेत हलक्या भारासाठी वेगळा आकडा दिला असेल तर त्यावर या, नाहीतर रिकामी गाडी बेडकासारखी उड्या मारते. जुना ट्रक घेतला असेल तर टायरच्या भिंतीवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचा: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत दिसली तरी सात-आठ वर्षांच्या टायरवर कॅम्पर चढवू नका.

शेवटी टेप घेऊन जमिनीपासून छतावरच्या एसीच्या टोकापर्यंतची उंची मोजा, ट्रकवर कॅम्पर बसवून आणि सामान भरूनच. पक्क्या भिंतींचे कॅम्पर चढवल्यावर गाडी अकरा-बारा फुटांवर जाते, आणि रोज सहा-सात फुटांची गाडी चालवणाऱ्याच्या अंगवळणी ते पडलेलं नसतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅममध्ये एक रेल्वे पूल ११ फूट ८ इंच उंचीचा होता. त्याच्यावर इतक्या गाड्यांची छतं सोलली गेली की २०१९ मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंच केला, तरीही धडकणारे धडकतच राहिले. मोजलेल्या उंचीत दोन-तीन इंच मिळवून तो आकडा चिकटपट्टीवर लिहा आणि स्टिअरिंगच्या समोर लावा. पेट्रोल पंपाचं छत, बँकेची खिडकी, राष्ट्रीय उद्यानातले जुने बोगदे, सगळीकडे तो लागतो.